नाल्यावरचा कट्टा आणि नेत्याचा हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महापालिकेच्या निवडणुकीचा गुलाल धुऊन गेला आहे आणि अभिनंदनाचे फलकही बहुतेक चौकांतून उतरले आहेत. जे मतदानाआधी लिहिले असते तर प्रचारात मोडले असते, ते आता लिहायला हरकत नसावी. ज्या लोकप्रतिनिधीला आपण वर्षानुवर्षे निवडून देत आलो, त्याच्या पाठीशी यापुढेही उभे राहायचे की नाही, हे सामान्य मतदाराने कशावरून ठरवायचे, हा माझा प्रश्न आहे. संध्याकाळच्या कट्ट्यावर तो दोन मिनिटांत सुटतो. "काम करतो ना, मग झाले," असे एकजण म्हणतो, "सगळे सारखेच" असे दुसरा म्हणतो आणि विषय गुडघेदुखीकडे वळतो. मी आयुष्याची तेहतीस वर्षे सहकारी संस्थांची दप्तरे तपासण्यात घालवली, संस्थांना अ, ब, क, ड असे वर्ग दिले आणि काही बड्या मंडळींचा रोषही ओढवून घेतला. पण आमच्या प्रभागातल्या एका माणसाला वर्ग द्यायची वेळ आली तेव्हा माझी लेखणी अडली. ती का अडली, हे सांगण्यासाठी हे पत्र आहे. माझे नाव आपल्याकडे दिले आहे, ते छापू नये ही विनंती. ज्या माणसाबद्दल लिहितो आहे तो दर गणपतीत आमच्या घरी आरतीला येतो आणि पुढेही यावा अशी माझी इच्छा आहे.

26 जुलै 2005 चा दिवस इथे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि ठाण्यातही येऊरच्या डोंगराकडून खाडीकडे जाणारे नाले फुगले. आमची इमारत अशाच एका नाल्याला लागून आहे. संध्याकाळी सातच्या सुमारास तळमजल्यावर कमरेएवढे पाणी होते, वीज गेलेली होती आणि तिथल्या एका आजींना पक्षाघातामुळे उठता येत नव्हते. आमचे नगरसेवक, ज्यांना सगळा प्रभाग भाऊ म्हणतो, तीन पोरांना घेऊन रस्त्यावरच्या छातीभर पाण्यातून आले. आजींना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खुर्चीचा एक पाय भाऊंनी, दोन पाय पोरांनी आणि चौथा मी धरला, तिसरा पोरगा टॉर्च घेऊन पुढे झाला, आणि आम्ही त्यांना दुसऱ्या मजल्यावर पोहोचवले. जिन्याच्या वळणावर खुर्ची तिरकी झाली तेव्हा आजींनी भाऊंच्या मानेला घट्ट मिठी मारली, ते दृश्य मी विसरलेलो नाही. रात्री अकराला पातेलेभर खिचडी आली, पहाटे दूध आले. 2002 मध्ये मी त्यांना मत दिले होते ते पक्षाकडे पाहून. 2007 मध्ये दिले ते त्या खुर्चीकडे पाहून.

त्यानंतरची गोष्ट कट्ट्याची. 2012 च्या निवडणुकीच्या सोडतीत आमच्या प्रभागातल्या दोन्ही जागा अशा निघाल्या की भाऊंना उभे राहता येईना, म्हणून वहिनी उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. पुढच्या वर्षी आम्ही ज्येष्ठ नागरिकांनी अर्ज केला की परिसरात संध्याकाळी बसायला जागा नाही, मोकळा भूखंड शिल्लक नाही, तरी नाल्यावर स्लॅब टाकून कट्टा बांधून द्यावा. नाल्याची दुर्गंधी आणि डासही कमी होतील, असे त्या अर्जात लिहिले होते. ते वाक्य माझे. नगरसेवक निधीतून काम मंजूर झाले, आठ महिन्यांत सुमारे सव्वाशे फूट नाला झाकला गेला, वर लाद्या बसल्या, सिमेंटची बाके आली, कडेने कुंड्या आल्या आणि एक फलक लागला, ज्यावर वहिनींचे नाव लहान आणि भाऊंचा फोटो मोठा होता. उद्घाटनाला मी दोन शब्द बोललो. पेढेही खाल्ले.

तेव्हापासून जोराच्या पावसात आमच्या तळमजल्यावर पाणी येते. 2005 सारखे नाही, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत. पण 2005 सोडले तर कट्ट्यापूर्वी ते एकदाही आले नव्हते आणि आता बहुतेक वर्षी येते. कारण कळायला अभियंता असावे लागत नाही. उघड्या नाल्यात मेअखेरीस पोकलेन उतरवून गाळ काढता येतो. झाकलेल्या नाल्यात पोकलेन जात नाही, माणसाने आत उतरावे हे योग्य नाही आणि कायद्यालाही मान्य नाही, आणि कंत्राटदार दोन्ही तोंडांचा दहा-दहा फूट गाळ उपसून फोटो काढून निघून जातो. मधल्या शंभर फुटांत काय साचले आहे ते कुणी पाहिलेले नाही. पाणी शिरले की पहिला फोन भाऊंना जातो आणि अर्ध्या तासात ते डिझेलचा पंप घेऊन हजर होतात. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून स्वतः पाइप लावतात. आणि दर वर्षी त्या पंपाच्या आवाजात तळमजल्यावरचे लोक म्हणतात, "भाऊ आहेत म्हणून बरे."

संपादक महोदय, माझी अडचण इथे आहे. पाण्यातून बाहेर काढणारा हात आणि पाणी अडवणारी स्लॅब या दोन्ही गोष्टी एकाच खात्यावरच्या आहेत. जमेची बाजू डोळ्यांसमोर, ओल्या कपड्यांत, आपल्या दारात घडते, आणि खर्ची पडलेली बाजू लादीखाली, गाळात, वर्षानुवर्षे वाढत राहते. पहिलीला चेहरा आहे. दुसरीला कुणाचाच चेहरा नाही, असला तर आमचाच आहे. ज्याला आपण लोकांची कामे करणारा नेता म्हणतो, त्याचे बरेचसे काम आधीच्या कुठल्यातरी कामातून निघालेली अडचण निस्तरण्याचे असते, आणि पहिले काम न करणारा नेता आपल्याला निष्क्रिय वाटला असता. भाऊंनी 2013 मध्ये आमचा अर्ज नाकारला असता, तर 2017 मध्ये मी त्यांना मत दिले असते का, हे मी स्वतःला विचारून पाहिले आहे. उत्तर माझ्या बाजूचे नाही.

सवयीप्रमाणे मी कागद जमवले. सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 आणि 2003 मधील निकालांमुळे उमेदवाराला आपली मालमत्ता, शिक्षण आणि गुन्हेगारी खटले शपथपत्रावर जाहीर करावे लागतात, ही मोठीच सोय झाली आहे. भाऊंची 2017 ची आणि या वेळची अशी दोन्ही शपथपत्रे मी जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवून वाचली. मालमत्तेचा आकडा चांगलाच वाढला आहे. पण त्याच टेबलाखालची माझी फरशी ज्या घराची आहे, त्याची किंमतही याच काळात, मी काहीही न करता, वाढली; घोडबंदर रस्त्यावर वडिलोपार्जित जमिनीचा तुकडा असलेल्या कोणत्याही माणसाचे शपथपत्र दर निवडणुकीला फुगलेलेच दिसेल. आकडा खोटा नसतो, पण तो भ्रष्टाचार आणि भाववाढ यांत फरकही करत नाही. एक खटला नमूद होता, आंदोलनातला, जमावबंदी मोडल्याचा. तो खर्चाच्या बाजूला लिहायचा की जमेच्या, हे ज्याच्या त्याच्या मतावर आहे.

मग माहितीच्या अधिकारात महासभेची इतिवृत्ते मागवली. दहा रुपयांचा अर्ज आणि पानामागे दोन रुपये. निवृत्त माणसाला यापेक्षा स्वस्त करमणूक नाही. पहिल्या पाच वर्षांत भाऊ बऱ्याचदा बोललेले दिसतात, त्यात नालेसफाईवर दोनदा, तेही खणखणीत. नंतर बोलणे कमी होत गेले. आणि ज्या शब्दाने मला सर्वाधिक छळले तो शब्द होता "सर्वानुमते". ठरावामागून ठराव सर्वानुमते मंजूर. भूखंडाचे आरक्षण बदलण्याचा, मुदतवाढीचा, कंत्राटाच्या वाढीव खर्चाचा, कट्ट्याचा. आमच्या लेखापरीक्षणात एखादा खर्च कुणाच्या सहीने झाला हे नेमके सांगता येत नसेल तर तो शेरा लिहिण्याचा विषय असतो. इथे ज्याच्यात सगळे आहेत त्याच्यात कुणीच नाही, अशी पद्धतच होऊन बसली आहे. विरोध केला असेल तर तो नोंदवला जातो, मौन नोंदवले जात नाही. आणि नगरसेवकाचे अर्धे कर्तृत्व, बरेवाईट, त्याच्या मौनातच असते असे माझे मत झाले आहे.

हे सगळे व्यक्तीपुरते झाले. पण आपली व्यवस्थाही अशी बेतली आहे की कुणाचेच खाते फळ पिकेपर्यंत उघडे राहू नये. आमच्या भागात 2012 ला दोन सदस्यांचा प्रभाग होता, 2017 ला चार सदस्यांचा झाला आणि तसाच या वर्षी राहिला. चार जण असले की पाणी आले तर चौघांचे फलक लागतात आणि पाणी तुंबले तर चौघेही एकमेकांच्या घराकडे बोट दाखवतात. शेजारच्या नवी मुंबईत 2015 पर्यंत एका प्रभागाचा एकच नगरसेवक होता, तिथल्या माझ्या मेहुण्याला निदान शिव्या कुणाला घालायच्या हे ठाऊक असायचे. आता तिथेही बहुसदस्यीय प्रभाग आले. सोडतीने प्रभागाचे आरक्षण फिरते, आणि ते फिरायलाच हवे, निम्म्या जागा महिलांना मिळाल्या हे तर फार आधी व्हायला हवे होते. पण फिरत्या आरक्षणाचा परिणाम असाही होतो की ज्याने काम केले किंवा बिघडवले तो पुढच्या वेळी दुसऱ्या प्रभागातून उभा असतो, किंवा त्याच्या नावाची सावली आपल्याकडे उभी असते. कट्ट्याबद्दल मी जाब कुणाला विचारायचा? कागदोपत्री तो वहिनींच्या कारकिर्दीत झाला आणि त्या पुन्हा उभ्याच राहिल्या नाहीत.

त्यात भर प्रशासकीय राजवटीची. ठाण्यात 21 फेब्रुवारी 2017 रोजी मतदान झाले ते नंतर थेट 15 जानेवारी 2026 रोजी. मुदत मार्च 2022 मध्ये संपली. नवी मुंबईची तर 2020 मध्येच संपली होती. मधल्या काळात कुणी नगरसेवक नव्हता, होते ते माजी नगरसेवक, आणि या "माजी" शब्दाइतका सोयीचा शब्द राजकारणात दुसरा नसेल. रस्ता झाला तर "यांच्या पाठपुराव्याने", रस्ता खचला तर "प्रशासनाचा मनमानी कारभार". याच काळात 2022 च्या जूनमध्ये राज्यातले सरकार बदलले, पक्ष फुटला, आणि ठाण्यातल्या बऱ्याच माजी नगरसेवकांनी बाजू निवडली. नवी मुंबईने असाच अनुभव 2019 मध्ये घेतला होता, तेव्हा तर सत्ताधारी नगरसेवकांचा मोठा गट एका पक्षातून दुसऱ्या पक्षात गेला. मतदाराने मत माणसाला दिले होते की चिन्हाला, हे त्याला कुणी विचारले नाही. आणि विचारले असते तर आमच्यापैकी अनेकांना सांगताही आले नसते.

तरीही "पक्ष बदलला, आता पाठिंबा संपला" असा सरसकट नियम मला करता येत नाही, कारण आपल्याच इतिहासात असे नियम उलटलेले दिसतात. यशवंतराव चव्हाणांनी संयुक्त महाराष्ट्राच्या ऐन लढ्यात नेहरूंना महाराष्ट्राहून मोठे मानले, मराठी-गुजराती द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्रिपद स्वीकारले, आणि 1957 च्या निवडणुकीत कऱ्हाडमधून ते थोडक्या मतांनी वाचले. त्या वर्षी कऱ्हाडच्या ज्या मतदाराने हुतात्म्यांना स्मरून त्यांच्या विरोधात मत दिले, त्याला आज कोण चूक म्हणेल? आणि तीनच वर्षांनी 1 मे 1960 रोजी त्यांच्याच हस्ते मंगलकलश आला तेव्हा ज्याने मत दिले होते त्यालाही कोण चूक म्हणेल? दोघांनी आपापल्या हातातल्या कागदांवरून निर्णय केला. शेवटचा कागद मात्र निकालानंतर आला.

नवी मुंबईसाठी जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे. पाच वेळा आमदार आणि दोन वेळा खासदार झालेल्या या माणसाने निवडणुकीतले पराभवही पाहिले, आणि उतारवयात ज्या लाल बावट्याखाली हयात घालवली तो सोडून दुसऱ्या पक्षात प्रवेशही केला. जानेवारी 1984 मध्ये सिडकोच्या भूसंपादनाविरुद्धच्या आंदोलनात जासई परिसरात गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मे झाले, आणि पुढे विकसित भूखंड परत देणारी साडेबारा टक्क्यांची योजना आली. 2021 च्या जूनमध्ये नवी मुंबईच्या विमानतळाला त्यांचे नाव द्यावे म्हणून जे हजारो लोक रस्त्यावर आले, त्यांच्या हातात सगळ्या पक्षांचे झेंडे होते, आणि मला खात्री आहे की त्यांच्यात असेही लोक होते ज्यांच्या घरची मते दिबांच्या पडत्या काळात दुसरीकडे गेली होती. मी हे टोमणा म्हणून लिहीत नाही. नेत्याचे मोठे काम त्याच्या मुदतीत मावत नाही, एवढेच मला म्हणायचे आहे. नवी मुंबईने मोरबे धरण विकत घेऊन ठेवले, त्या वेळी त्या खर्चाचा मोबदला मतदाराला त्या निवडणुकीत दिसणार नव्हता. आज उन्हाळ्यात ठाण्याला पाण्यासाठी इतरांपुढे हात पसरावे लागतात आणि आमचा मेहुणा निवांत गाडी धुतो, तेव्हा तो खर्च दिसतो.

ठाण्याची स्वतःची एक रीत आहे, तिचाही उल्लेख करायला हवा. टेंभी नाक्यावर आनंद दिघे लोकांची गाऱ्हाणी ऐकत बसत. स्वतः ते कधी निवडणुकीला उभे राहिले नाहीत, पण 26 ऑगस्ट 2001 रोजी ते गेले तेव्हा शहराने जे अनुभवले ते निवडून आलेल्या कुणाच्याही वाट्याला आले नसते. त्या दरबाराने ठाणेकराला नेता मोजण्याचे एक माप दिले: अर्ध्या रात्री दार उघडतो तो आपला. हे माप खोटे नाही. ज्याच्या घरी आजारी माणूस आहे त्याला दुसरे कुठलेही माप सुचणार नाही. पण गेल्या पंचवीस वर्षांत मला असे वाटू लागले आहे की या मापामुळे आपण नेत्याकडून फक्त दार उघडण्याची अपेक्षा ठेवतो, आणि ज्या कचेरीचे दार दिवसा, रांगेत, ओळखीशिवाय उघडायला हवे होते ते बंद का आहे हे विचारायचे राहून जाते. उलट ते बंद राहण्यात दरबार भरवणाऱ्यांचा फायदाच आहे, असे एखादा खडूस लेखापरीक्षक म्हणेल.

आणि आता त्या लेखापरीक्षकाबद्दल. आमच्या खात्यात एक साधी शिस्त होती की ज्या संस्थेचे आपण सभासद किंवा कर्जदार आहोत तिचे दप्तर आपण तपासायचे नाही. या शिस्तीने पाहिले तर आमच्या कट्ट्यावरचा एकही माणूस भाऊंचा हिशेब तपासायला पात्र नाही. एकाच्या नातवाचा शाळाप्रवेश त्यांनी करून दिला, एकाचे रेशनकार्ड, एकाला एप्रिल 2021 मध्ये, ज्या आठवड्यात प्राणवायूची खाट पैसे मोजूनही मिळत नव्हती त्या आठवड्यात, खाट. तो गृहस्थ आज माझ्या शेजारी बसून चहा पितो. त्याला मी कुठल्या तोंडाने सांगू की नालेसफाईच्या ठरावावर भाऊ गप्प होते? आणि माझे स्वतःचे काय? मी तर अर्जदार. आपण ज्याला निवडले त्याचे चुकलेले मान्य करायचे म्हणजे आपली चार मते चुकली असे मान्य करायचे, आणि सत्तरीनंतर माणूस एवढा तोटा एकदम दाखवायला तयार होत नाही. तो उचंत खात्यात, म्हणजे निकाल न लागलेल्या रकमा तात्पुरत्या ठेवायच्या खात्यात, टाकतो आणि पुढच्या वर्षी बघू म्हणतो. संस्थेने वर्षानुवर्षे रक्कम उचंतला ठेवली की मी लाल शाईने शेरा मारत असे. भाऊंचे खाते मी तेरा वर्षे उचंतला ठेवले आहे.

याउलट जी तरुण मंडळी कुणाचेच देणे लागत नाहीत ती फार भराभर निकाल लावतात, असाही माझा अनुभव आहे. माझ्या भाचीचे म्हणणे असे की प्रत्येक नगरसेवकाला एकदाच संधी द्यावी आणि पुढच्या वेळी न चुकता बदलावे, म्हणजे हिशेबाची भानगडच नको. ऐकायला हे स्वच्छ वाटते. पण महापालिकेचे अंदाजपत्रक वाचायला नवख्या माणसाला दोन वर्षे लागतात, अधिकाऱ्याने "नियमात बसत नाही" म्हटल्यावर कुठला नियम ते विचारायला तिसरे वर्ष लागते, आणि ज्याला ठाऊक आहे की पुन्हा यायचेच नाही, तो झाकलेल्या नाल्याची चिंता तर मुळीच करणार नाही. त्यापेक्षा जुना, मुरलेला आणि लोकांना घाबरणारा नगरसेवक मला परवडेल. तो घाबरत नाही, हे खरे दुखणे आहे. आणि त्याने घाबरावे असे काही आम्ही निवडणुकांच्या मध्ये करत नाही.

एके काळी याच ठाण्याने वेगळा नमुना पाहिला आहे. 1977 आणि 1980 मध्ये ठाण्यातून लोकसभेवर गेलेले रामभाऊ म्हाळगी आपल्या कामाचा छापील अहवाल मतदारांपुढे ठेवत असत, आणि ही सवय त्यांना आमदारकीपासूनची होती. त्यांचा पक्ष मला पटतो की नाही हा प्रश्न वेगळा. पण वर्षाकाठी स्वतःहून कागद पुढे करणारा प्रतिनिधी मतदाराच्या डोक्यावरचे निम्मे ओझे उतरवतो, कारण छापलेल्या वाक्यावर बोट ठेवून "हे झाले नाही" असे म्हणता येते. पंप लावणाऱ्या माणसावर बोट ठेवता येत नाही. कायद्यानेही काही सोय केली आहे. 2009 मध्ये राज्याने महापालिकांच्या कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली, गावात ग्रामसभा असते तशी शहरात, जिथे मतदारांनी नगरसेवकापुढे बसून बोलायचे. आमच्या भागात अशी सभा भरल्याचे मला आठवत नाही. हळदीकुंकू, आरोग्य शिबिर आणि वह्यावाटप मात्र चुकलेले नाही, आणि त्या तिन्हींना मी गेलेलो आहे.

आपल्याकडे एक मागणे आहे. महासभेच्या बातमीत कोण कुणाच्या अंगावर धावून गेला हे आपण छापता, ते वाचायलाही आवडते. पण महिन्यातून एकदा, अर्ध्या रकान्यात, कोणत्या प्रभागाचा कोणता सदस्य कोणत्या ठरावावर काय बोलला आणि कोण बोलला नाही एवढेच छापले, तर माझ्यासारख्याला दोन रुपये पानाने इतिवृत्त विकत घ्यावे लागणार नाही, आणि भाऊंसारख्यालाही कळेल की मौन छापून येते.

मतदानाच्या दिवसाची हकिकत सांगून थांबतो. चार जागा, चार मते, आणि चारही दिल्याशिवाय यंत्राचा शेवटचा आवाज होत नाही. पहिली तीन बटणे मी दाबली. चौथ्या यादीत भाऊंचे नाव होते, खाली नोटा होते, मध्ये दोन माणसे होती ज्यांना मी फलकावरच पाहिले होते. किती वेळ उभा राहिलो कोण जाणे, पुठ्ठ्याच्या आडोशापलीकडून केंद्रावरची मुलगी म्हणाली, "काका, अजून आवाज झालेला नाही, एक राहिलंय." मागे रांग कुजबुजायला लागली होती. मी बटण दाबले. कोणते ते सांगणार नाही.

भाऊ निवडून आले. गेल्या आठवड्यात मी त्यांच्या कार्यालयात अर्ज घेऊन गेलो: कट्ट्याच्या लाद्या काढून स्लॅबला दर पंधरा फुटांवर झाकणे बसवावीत आणि पावसाआधी यंत्राने गाळ काढावा. त्यांनी अर्ज वाचला, चहा मागवला, मग कपाटातून एक जुनी फाइल काढली आणि 2013 चा कागद माझ्यापुढे ठेवला. "काका, ही दुसरी सही तुमचीच ना?" सही माझीच होती, तेव्हाचे माझे अक्षर बरे होते. मी म्हटले, "माझीच. म्हणून तर मी आलो." ते हसले नाहीत. बराच वेळ दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहत राहिले, मग म्हणाले की लाद्या उखडल्या तर लोक ओरडतील, निवडणूक नुकतीच झाली आहे, बघू या. मी विचारले, लोक म्हणजे कोण? ते म्हणाले, "कट्ट्यावरचे."

अर्जाची पोच घेतली आहे, तिच्यावर तारीख आणि शिक्का आहे. संध्याकाळी कट्ट्यावर जाऊन त्याची प्रत सगळ्यांना वाचायला दिली. अकरा जणांपैकी चौघांनी सही केली, खाट मिळालेल्या गृहस्थांनी चष्मा घरी राहिल्याचे सांगितले, आणि उरलेल्यांनी पावसाळा झाल्यावर बघू असे ठरवले. चौघांच्या सह्यांचा पुरवणी अर्ज सोमवारी देणार आहे.

आपला,
एक निवृत्त लेखापरीक्षक,
ठाणे (पश्चिम)